मनूस, 31 मे च्या आधी

मनू,

रविवारी तू फोन आपटलास तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय. राजीनाम्याचं विचारायचं नाही असं ठरवून बसलेय. मी लिहितेय हे बाबांना माहीत नाही.

तू म्हणालीस ना, नट व्हायला पीट पोस्टलथ्वेटनेही मास्तरकी सोडलीच होती की. ते मला लागलं, कारण तो माणूस तुला मीच दाखवला. आपल्या वॉरिंग्टनचा, साध्या कामगाराच्या घरातला, आधी पाद्री व्हायला निघालेला, मग मँचेस्टरला लोरेटो कॉलेजात ड्रामा शिकवायला लागला आणि तेही सोडून ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत गेला. सगळं खरं. पण पुढचंही बघ ना गं. लिव्हरपूलचं एव्हरीमन थिएटर, तिथे बिल नाय, जुली वॉल्टर्स वगैरे बरोबरीला, मग वर्षानुवर्षं नाटकं आणि टीव्हीतली बारीकसारीक कामं, आणि 'इन द नेम ऑफ द फादर' आला 1993 ला, ऑस्करचं नॉमिनेशन त्याचं. तेव्हा तो 47 चा होता! तू 26 ची आहेस. रात्री पडल्या पडल्या मी हाच हिशोब करते, अजून 21 वर्षं, तोवर भाडं कोण भरणार, आजारी पडलीस तर कोण बघणार. शाळेत निदान महिन्याच्या महिन्याला पगार येतो, पेन्शन आहे. दादामामाचं काय झालं ते तू पाहिलंयस.

बघ, झालं माझं सुरू. सॉरी.

त्याचं काम मला आवडतं हे खोटं नाही. तुरुंगातला तो थकलेला बाप, मग 1995 ला 'युज्वल सस्पेक्ट्स'मधला थंडगार वकील कोबायाशी, पुढच्याच वर्षी 'ब्रास्ड ऑफ'मधला बँडमास्टर डॅनी. माणूस तोच, गालांची हाडं तीच, आणि प्रत्येक वेळी वाटतं याला आपण पहिल्यांदाच बघतोय. हॉस्पिटलच्या खिडकीखाली अंधारात खाणकामगारांचा बँड 'डॅनी बॉय' वाजवतो ना, तिथे बाबा दर वेळी उठून किचनमध्ये जातात. पेटी विकल्यापासून जास्तच. तुझ्या रविवारच्या फोननंतरही तसेच गेले, बराच वेळ नळ चालू होता.

आणि हो, नाव बदल असं त्यालाही लोकांनी सांगितलेलं, त्याने बदललं नाही. तू पण आपलं आडनाव आखडू नकोस. चुकू देत त्यांचं स्पेलिंग, शिकतील.

2008 चा नोव्हेंबर आठवतो? तू 10 वर्षांची. लाइम स्ट्रीटला उतरून पावसात होप स्ट्रीटपर्यंत चालत गेलो होतो, 'किंग लिअर' बघायला. एवढा मोठा माणूस झाल्यावर तो आपल्या जुन्या एव्हरीमनला परत आलेला. मला वाटलं तू मध्यंतरापर्यंत झोपशील. शेवटी तो मेलेल्या मुलीला हातांवर घेऊन येतो तेव्हा तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की दुसऱ्या दिवशी ड्युटीवर वळ दिसत होते. ट्रेनमध्ये विचारलंस, आई, ते आजोबा रोज रात्री असंच रडतात का? मी म्हटलं हो, कामच आहे त्यांचं. तू म्हणालीस, मग मला पण हेच काम पाहिजे. मी हसले होते तेव्हा. 2011 च्या 2 जानेवारीला तो गेला, कॅन्सरने, 64 चाच होता, आणि तू दिवसभर खोलीतून बाहेर आली नाहीस.

ऑगस्टअखेर सुटायचं तर 31 मे च्या आत द्यावा लागतो ना राजीनामा? म्हणजे शुक्रवार. एक वर्ष बिनपगारी रजा मिळते का एवढं फक्त विचार हेडना. नाही म्हणाल्या तर नाही. मी परत काढणार नाही विषय.

तुझा ऑडिशनचा व्हिडिओ मी वॉर्डात सगळ्यांना दाखवला, तुला न विचारता. खूप चांगलं केलंयस गं. तो शेवटचा पॉझ तर, कुठून आणलास?

मेथीचे ठेपले फ्रीझरमध्ये ठेवलेत. शुक्रवारी फोन कर. राजीनामा दिला असलास तरी कर.

आई