हायड्रेंजियाचा रंग मातीवर ठरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाबळेश्वर-पाचगणीहून परतताना निळ्या हायड्रेंजियाचे रोप हौसेने आणणारे पुण्यात पुष्कळ आहेत. पुढच्या हंगामात त्याच झाडाला गुलाबी गुच्छ आले की रोपवाटिकेने फसवले, असा समज होतो. माझाही झाला होता. तक्रार घेऊन गेल्यावर विक्रेत्याने कारण न सांगता दुसरे निळे रोप विकले आणि वर्षभरात तेही गुलाबी झाले.

यात दोष रोपाचा नसतो. मातीतले ॲल्युमिनियम मुळांना मिळते की नाही, यावर या फुलाचा रंग ठरतो. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती आम्लधर्मी) ५.५ च्या खाली असला की ॲल्युमिनियम विरघळून झाडात जाते आणि फुले निळी येतात, सामू ६.५ च्या वर गेला की ते मातीतच अडकून राहते व फुले गुलाबी होतात. तिकडची जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, तर आपली काळी माती चुनखडीची, शिवाय बोअरचे पाणीही क्षारयुक्त. पांढऱ्या जातीत मात्र असा बदल होत नाही.

निळा रंग टिकवायचा असेल, तर कुंडीत लाल माती व कुजलेला पालापाचोळा भरावा आणि शक्यतो पावसाचे साठवलेले पाणी घालावे. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात सुमारे ३ ग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट विरघळवून, आधी ओल्या केलेल्या मातीत द्यावे. हाडांचा चुरा किंवा सुपर फॉस्फेट टाळावे, कारण त्यांतले स्फुरद (फॉस्फरस) ॲल्युमिनियमला बांधून ठेवते. झाडाला सकाळचे ऊन पुरते. दुपारच्या उन्हात पाने लगेच माना टाकतात.

याहून मोठे नुकसान छाटणीने होते. नेहमीच्या जातींना फुले येतात ती आदल्या वर्षीच्या फांद्यांवर, आणि पुढच्या हंगामाच्या कळ्या पावसाळा सरताना शेंड्यांत तयार होऊ लागतात. ऑक्टोबरमध्ये गुलाबाबरोबर माळी यावरही कात्री चालवतो आणि मग वर्षभर नुसती हिरवी पाने पाहावी लागतात. छाटणी करायची ती फुले सुकताच.

म्हणून रोपवाटिकाचालकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की प्रत्येक रोपासोबत माती कोणती हवी, छाटणीची वेळ आणि हे झाड खाल्ल्यास विषारी असल्याची सूचना मराठीत छापलेली चिठ्ठी द्यावी.

आपली,
एक बागप्रेमी वाचक, पुणे