‘तयार आहे’ला जपानीत एक शब्द नाही

महोदय,

जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या भारत-जपान करारामुळे वृद्धसेवेसारख्या कामांसाठी जपानला जाण्याची वाट आपल्या मुलामुलींना खुली झाली. त्यासाठी ‘जेएलपीटी’ या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ (खालून दुसरी) पातळी किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते. मात्र जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते. त्यामुळे काही चुका थेट मुलाखतीत उघड्या पडतात. ‘मी तयार आहे’ हे सांगतानाची चूक त्यांतली सर्वांत महागाची.

मराठीत जेवणही तयार असते आणि माणूस रात्रपाळीलाही तयार असतो. जपानीत ‘जुम्बी गा देकिमाशिता’ म्हणजे पूर्वतयारी झाली. ‘करायला राजी आहे’ असा त्याचा अर्थ होत नाही. ‘याकिन नो जुम्बी गा देकिते इमास’ ऐकून समोरच्याला वाटते, रात्रपाळीची मांडामांड झाली. म्हणायचे असते ‘याकिन मो देकिमास’, रात्रपाळीही करू शकते. त्यातला ‘मो’ गाळू नये, ‘तेही करेन’ हा भाव तोच आणतो. काही जण इथे ‘शिते मो ई देस’ वापरतात, कारण पुस्तकात त्याचा अर्थ ‘केले तरी चालेल’ असा दिलेला असतो. स्वतःबद्दल बोलताना मात्र त्यातून ‘करेन बापडी, हरकत नाही’ असा उपकाराचा सूर निघतो.

खरी अडचण आपल्या ‘देणे’ची आहे. ‘बॅग धरून देऊ का?’ हे मराठीत अगदी अदबीचे, म्हणून विद्यार्थी सहज ‘मोत्ते आगेमाशो का’ म्हणतात. जपानीत ‘आगेमास’ (देते) लावले की केलेला उपकार पुढे येतो. मित्राला ते चालते. वरिष्ठांना किंवा आजी-आजोबांना ऐकवले तर ते उर्मट वाटते. तिथे ‘ओ’ अधिक क्रियापदाचे मास-रूप (‘मास’ काढून) अधिक ‘शिमास’ अशी जोडणी करावी: ‘मोचिमास’वरून ‘ओमोची शिमास’ (धरते), ‘तेत्सुदाइमास’वरून ‘ओतेत्सुदाई शिमास’ (मदत करते). विचारायचे असेल तर शेवटी ‘शिमाशो का’. पण काम समोरच्यासाठी असेल तरच हे रूप वापरावे. ‘मी जेवते’ म्हणताना ‘ओताबे शिमास’ साफ चूक.

अनेकांमधून कुणी पुढे व्हायचे असेल तेव्हा ‘वाताशी गा यारिमास’ म्हणावे. ‘वाताशी वा’ म्हटले की ‘बाकीच्यांचे ठाऊक नाही, मी तरी करते’ असा सूर लागतो. मराठीत हा फरक आपण ‘मी’वर जोर देऊन करतो, जपानीत तो प्रत्ययाने होतो.

चहा विचारल्यावर ‘चालेल’ या अर्थाने ‘ई देस’ म्हटले, तर चहा येतच नाही, कारण तिथे त्याचा अर्थ ‘नको’ असा घेतला जातो. ‘ओनेगाइ शिमास’ किंवा ‘इतादाकिमास’ म्हणावे. वरिष्ठांनी काम सांगितले की ‘शोची शिमाशिता’ (समजले, करते) म्हणावे. त्याच अर्थाचे ‘र्योकाई’ सहकाऱ्यांपुरते ठेवावे.

वर्ग चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, रोज दहा मिनिटे फक्त यासाठी राखा. शिक्षकाने प्रसंग सांगावा: आजोबांना उठायचे आहे, सहकारी आजारी आहे, रविवारी कामाला माणूस हवा आहे. विद्यार्थ्याने ‘जुम्बी’ आणि ‘आगेमास’ न वापरता तीन सेकंदांत मदत देऊ करावी. उत्तरे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्याच तासाला ऐकवावीत. एन५च्या, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीच्या, वर्गापासूनच हे सुरू व्हावे. एन४पर्यंत ‘आगेमास’ जिभेवर बसलेले असते आणि मग ते निघता निघत नाही.

— जपानीची एक शिक्षिका, पुणे