चि. सुनंदास: आखाड्यावरच्या लाईट बिलाबद्दल

परभणी,
१८ जानेवारी

चि. सुनंदास अनेक आशीर्वाद. जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

बिलाचा फोटो पोचला. तुझ्या बाबांनी चष्मा लावून तो मोठा करून पाहिला. ३१२ युनिट! आखाडा म्हणजे शेतातलं दोन खोल्यांचं घर, त्यात थंडीचे दिवस, पंखा बंद, कूलर बांधून ठेवलेला. तू लिहितेस की अंड्यांचे पैसे सगळे लाईटीतच जातात, कोंबड्या विकून टाकाव्या का. माय, विकू नकोस. घरच्या कोंबड्यांनी आपल्या घराला किती अडचणीत हात दिला ते तू लहानपणी पाहिलंयस. बिल कशानं वाढतंय ते आधी बघू.

तू कळवलेल्या वस्तूंवरून बाबांनी हिशेब मांडला. जन्म वायरमनकीत गेला त्यांचा, त्यांचं गणित चुकत नाही. शंभर वॅटचा बल्ब दहा तास जळाला की एक युनिट. पिल्लांवर तू शंभरचे दोन बल्ब चौदा तास लावतेस, त्याचे महिन्याला ८४ युनिट. अंडी उबवायच्या मशीनचे एका खेपेला २५ च्या आसपास. आंघोळीच्या पाण्याचा रॉड दीड हजार वॅटचा, रोज तासभर, म्हणजे ४५. अंगणातला दीडशेचा हॅलोजन रात्रभर, ते ५०. बोअरची एक एचपीची मोटार दिवसाला दोन तास, ते ६०. फ्रीजचे ३०. उरलेल्या १८ युनिटांत घरातले दिवे, टीव्ही, मोबाईल सगळं आलं.

आता बघ, बल्ब, मशीन आणि रॉड मिळून १५४ युनिट होतात. निम्मं बिल नुसत्या उबेचं आहे. घरातल्या दिव्यांना वीज फार लागत नाही, ऊब करायला लागते. टीव्ही बंद कर, मोबाईल कमी चार्ज कर असं ओमच्या मागं लागू नकोस, त्यात काही हाती लागायचं नाही. ऊब विजेकडून घ्यायची कमी कर. कोंबडी, ऊन आणि भुसा यांच्याकडून ती फुकट मिळते.

आधी मशीनचं सांगते. गावरान कोंबडी खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसून राहते, तेव्हा ती २१ दिवस तेच काम करते जे तुझं मशीन करतं. मशीनला साडेसदतीस अंश सांभाळावे लागतात, वाफ सांभाळावी लागते, अंडी फिरवावी लागतात. कोंबडी हे सगळं पोटाखाली करते. एकीखाली दहा-बारा अंडी बसतात. दोघीतिघी एकाच आठवड्यात खुडूक झाल्या तर एकाच रात्री बसव, म्हणजे पिल्लं बरोबरच निघतील. टोपलीत तळाला चुलीची राख टाक, उवा-पिसवा कमी होतात. त्यावर भुसा. दाणा-पाणी जवळच ठेव. अंडी रात्री अंधारात खाली सरकव, दिवसा ठेवलीस तर कोंबडी बिथरते. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून बघ. आत लाल शिरा दिसल्या तर ठेव, नुसतं स्वच्छ दिसलं तर काढून घे. तुझ्या सासूबाईंचा यात हात बसलेला आहे, त्यांना विचारून कर, त्यांनाही बरं वाटेल. तू आणलेल्या वनराज, गिरिराज या सुधारित जातींच्या कोंबड्या मात्र अंड्यावर बसण्याच्या भरवशाच्या नाहीत. त्यांची अंडी गावरानीखाली घाल.

खुडूक कोंबडी नसेल तेव्हा मशीन लाव, पण पूर्ण भरून लाव. अर्धं भरलं तरी वीज जवळपास तेवढीच खातं. ते आतल्या खोलीत ठेव, पडवीत वाऱ्याला नको. लाईट गेली की झाकण उघडून बघू नकोस, वरून वाकळ टाक. लाईट आली की वाकळ लगेच काढ.

आता पिल्लांचे बल्ब. इथंच सगळ्यात जास्त वाचणार आहे, म्हणून नीट वाच. तीस पिल्लांना दोनशे वॅट फार झाले. पिल्लामागे दोन वॅट धरतात, म्हणजे साठचा एक बल्ब पुरे. तुला दोनशे लागले, कारण ऊब वर पत्र्याकडे निघून जाते. जुन्या पत्र्याचा किंवा खोक्याच्या पुठ्ठ्याचा हात-दीड हात उंच गोल पिल्लांभोवती कर, म्हणजे खालून वारं लागणार नाही. खाली भुईमुगाची टरफलं किंवा लाकडाचा भुसा चार बोटं घाल, कोरडा खडखडीत. भुईचा गारवा वर येतो तो पिल्लाला जास्त बाधतो. बल्बावर गोलाच्या अर्ध्या भागापुरतं गोणपाटाचं छत कर आणि अर्धा भाग मोकळा ठेव. हवा खेळली पाहिजे. गोणपाट, भुसा आणि बल्ब यांच्यात चांगलं वीतभर अंतर असू दे. बल्ब साखळीनं टांग, नुसत्या वायरीवर नको, तुटून भुशात पडला तर सगळंच जाईल. एलईडी इथं चालत नाही, ती पुरेशी ऊब देत नाही. पिवळा जुना बल्बच हवा.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं, म्हणजे बल्ब वर उचलायचा. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बाखाली ढीग करून चिवचिवाट करत असली तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकत असली तर उकडतंय. गोलभर पसरून खात-पीत असली तर बरोबर आहे. झोपण्याआधी एकदा डोकावून बघ, हे बघणं कुठल्याही यंत्रापेक्षा भरवशाचं आहे. दुसऱ्या आठवड्यापासून ऊन चढलं की बल्ब बंद कर आणि पिल्लांना बांबूच्या डाल्याखाली अंगणात सोड, घार झडप घालणार नाही. चौथ्या आठवड्यात पिसं फुटली की बल्ब लागत नाही. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तशा एखाद्या रात्री लाव तेवढाच. असं केलंस तर ८४ चे वीसेक युनिट होतील. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत ठेवू नकोस. तिच्या विषारी वायूनं पिल्लंही मरतात आणि माणसंही.

रॉड काढून टाक. तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीची आणि कापसाची वाळकी झाडं, तुमच्या बांधावर पडून आहेत, अंगणात बंब पेटव. रॉडचं मला नुसतं बिलामुळे वाटत नाही. ओम लहान आहे, बादलीत हात घालेल.

हॅलोजन मुंगसाच्या भीतीनं लावलास ना? मुंगूस उजेडाला भीत नाही. खुराड्याला बारीक जाळी मार, खाली वीतभर पुरून, आणि दाराला कडी लाव. अंगणात नऊ वॅटची एलईडी पुरे, महिन्याला तीन युनिट. अंडी वाढावी म्हणून रात्रभर दिवा लावायचीही गरज नाही. जास्त अंडी देणाऱ्या जातींना दिवसाचा धरून चौदा ते सोळा तास उजेड लागतो, आणि थंडीत आपला दिवस अकरा तासांचा असतो. तेवढ्यापुरती ती एलईडी पहाटे तीन-चार तास लाव. संध्याकाळी लावून एकदम विझवलीस तर कोंबड्यांना अंधारात झोपायच्या काठीवर चढता येत नाही. गावरानांना तेही करू नकोस, त्यांचं दिव्यानं फारसं वाढत नाही.

मोटारीचं बाबा बघतील. टाकी वाहून जाते तरी कुणी बंद करत नाही, दोनातला तुमचा एक तास वाया जातोय असं ते म्हणतात.

उन्हाळ्यात खुराड्याला कूलर बसवायचं मनात आणू नकोस. पत्र्यावर चुना मार, त्यावर पऱ्हाट्यांचा जाड थर टाक. बाजूला ओलं गोणपाट सोड. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं हवा कोरडी असते, तेव्हा ते चांगलं काम करतं. पावसाळ्यात काढून ठेव, दमटपणा वाढतो. नवं खुराडं बांधलंत तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन आत शिरत नाही. दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर दे, दुपारी नाही. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दुपारी एकदा बदलून.

एक गोष्ट मी रागावूनच लिहितेय. शेतीपंपाच्या लाईनवरून खुराड्याला वायर ओढायचं कुणी सुचवलं असेल तर ऐकू नका. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज माफ झाली ती पंपांसाठी, घरासाठी किंवा कोंबड्यांसाठी नाही. ती लाईन येते पाळीनं, मध्येच गेली तर पिल्लं गारठून मरतील. आणि पत्र्याच्या खुराड्यावर उघडी वायर, पावसाळा, त्यात अनवाणी पोर. बाबांनी असे प्रसंग पाहिलेत, त्यांना अजून त्यावर बोलवत नाही. खुराड्याला घरातूनच नीट पाईपातून वायर घ्या आणि अर्थिंग करून घ्या. बाबा येऊन करतील.

एवढं सगळं केलं तर पुढच्या महिन्यात शंभर युनिटांच्या आसपास याल. शंभरपर्यंतचा दर सगळ्यात कमी, त्यापुढं तीनशेपर्यंतच्या प्रत्येक युनिटचा वीज आकार दुपटीहून जास्त, आणि तीनशेच्या वर आणखी चढा. म्हणून तू वाचवशील ते महागडं युनिट वाचेल. स्थिर आकार मात्र, युनिट कितीही जळोत, द्यावाच लागेल. मे महिन्यात पंखे-कूलर लागले की आकडा वाढेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

छतावरच्या सोलरचं जावईबापू विचारत होते. घेण्याजोगं आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त घेतलं तर ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण आधी वापर खाली आणा, मग माप घ्या. एक किलोवॅट महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट देतं. आज मागवलंत तर तीनचं घ्याल आणि कर्ज काढाल. उन्हाळा जाऊ दे, वर्षभराची बिलं समोर ठेवून ठरवा.

पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून रोज संध्याकाळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहीत जा. ओमला शिकव, तो आवडीनं लिहील. बाबा येत्या रविवारी पाईप आणि वायर घेऊन येताहेत, त्यांच्याबरोबर दोन डाली आणि गावरानीची एक डझन अंडी देतेय. तुझी ती काळी कोंबडी खुडूक असेल तर त्याच रात्री बसव.

तुझी
आई