संतांच्या सणांची नोंद नीट व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या 3 डिसेंबरच्या अंकात ‘दिनविशेष’ सदरात ‘सेंट फ्रान्सिस झेवियर जयंती’ असे छापून आले आहे. ख्रिस्ती धर्मप्रसारक झेवियर यांचा जन्म 7 एप्रिल 1506 चा, आजच्या स्पेनमधल्या नवारातला. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर त्यांनी देह ठेवला. म्हणजे ही जयंती नव्हे, पुण्यतिथी. ही गल्लत केवळ आपल्याच अंकात होते असे नाही, आणि केवळ झेवियर यांच्याच बाबतीत होते असेही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

कॅथलिक पंचांगात संताचा सण बहुतेक वेळा त्याच्या मृत्यूच्या दिवशी असतो. रोमन राजवटीत श्रद्धेपायी ज्यांना मारले गेले, त्यांच्या थडग्यांपाशी त्याच तारखेला दरवर्षी जमायची प्रथा पडली आणि तीच पुढे रुजली. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही. आळंदीला आपण कार्तिक वद्य त्रयोदशीला जातो ते ज्ञानोबांच्या समाधीसाठी, आणि देहूला बीजेला जातो ते तुकोबांच्या वैकुंठगमनासाठी. जन्मदिवस पाळला जातो तो फक्त तिघांचा: 25 डिसेंबरला येशूचा, 8 सप्टेंबरला त्याची आई मरियेचा आणि 24 जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा.

यातला 8 सप्टेंबर मुंबईकरांच्या चांगला परिचयाचा आहे, पण तो वांद्र्याची जत्रा म्हणून. त्या तारखेला किंवा त्यानंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर ही जत्रा चालते. वर्तमानपत्रांत काय येते? कोणता रस्ता बंद, बेस्टच्या जादा बस किती, पाकीटमार किती पकडले. हे सगळे लागतेच, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण लाखो माणसे कुणाच्या वाढदिवसाला आली आहेत, हे एका ओळीतही सांगितलेले नसते. कोळी लोक जिला मोत माउली म्हणतात, तिच्या दारात जाणाऱ्यांत ख्रिस्तीच असतात असेही नाही. मागच्या जत्रेत रांगेत माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. कपाळावर कुंकू, हातात गुडघ्यापर्यंतचा मेणाचा पाय. नवऱ्याच्या पायात अपघातानंतर सळी घातली होती, तो पुन्हा चालू लागावा म्हणून त्या डोंबिवलीहून आल्या होत्या. चर्चच्या बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळे, अगदी मेणाची घरेसुद्धा मिळतात. ज्याचे जे गाऱ्हाणे, त्याची ती वस्तू. जत्रेची खरी बातमी मला तिथे दिसते.

24 जूनचेही तसेच. गोव्यात सांजांवला, म्हणजे योहानाच्या सणाला, डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून तरुण विहिरीत उड्या मारतात, त्याचे छायाचित्र दरवर्षी छापून येते. उडी का मारतात? बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात मरिया आपली नातेवाईक एलिझाबेथ हिला भेटायला जाते, तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली असे सांगितले आहे. मरियेला येशूचा गर्भ राहिला तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना होता, म्हणून योहानाचा सण नाताळच्या सहा महिने आधी. छायाचित्राखाली एवढ्या दोन ओळी आल्या, तर वाचकाला तो नुसता पावसाळी धांगडधिंगा वाटणार नाही.

पण मला खरी कळकळ आहे ती आमच्या वसईच्या संताची. संत गोन्सालो गार्सिया. जिथे पिकते तिथे विकत नाही, हे या माणसाच्या बाबतीत शब्दशः खरे ठरले आहे. साधारण 1556-57 च्या सुमारास वसईत जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेजुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली शिकून पोरवयातच जपानला गेला, तिथली भाषा आत्मसात केली. पुढे व्यापार केला, त्यात जम बसवला आणि मग तो सोडून मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात दाखल झाला. 1593 मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांचे शिष्टमंडळ मनिलाहून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषी होता हा वसईकर. दरबारात दोन जगांमधला संवाद त्याच्या जिभेवर चालला होता.

1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि त्यातून उठलेल्या वादात हिदेयोशीची मर्जी फिरली. गोन्सालोसह 26 जणांना पकडले. क्योतोमध्ये प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर हिवाळ्यात, गावोगावच्या लोकांना दहशत बसावी म्हणून, सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेजुइट आणि बाकीचे सतरा साधे जपानी श्रद्धावंत होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी, वय अवघे बारा वर्षे. 1627 मध्ये या सर्वांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. मधल्या काळात वसई पोर्तुगिजांकडून चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकली आणि नंतर ती इंग्रजांकडे गेली. मधली सव्वादोनशेहून अधिक वर्षे आमचा माणूस वाट पाहत होता.

या माणसाविषयी मराठीत जे तुरळक लिहून येते, त्यात त्याला सर्रास ‘फादर गोन्सालो गार्सिया’ म्हटलेले असते. ते धर्मगुरू नव्हते. संघातले साधे बंधू होते, ब्रदर. ना पापक्षमा देण्याचा अधिकार, ना मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करण्याचा. व्यापारी, दुभाषी आणि सेवक. माझ्या दृष्टीने त्यांची थोरवी यातच आहे, आणि नेमकी तीच पुसली जाते.

त्यांच्या सणाच्या तारखेवरून आपल्या उपसंपादकांची तारांबळ उडत असेल, तर ते मी समजू शकतो. मृत्यू 5 फेब्रुवारीचा. पण त्या तारखेला संत अगाथाचा सण फार पूर्वीपासून आहे, म्हणून चर्चच्या पंचांगात नागासाकीच्या हुतात्म्यांचा दिवस 6 फेब्रुवारी. तिथेही मथळ्याला जेजुइट पॉल मिकी यांचे नाव असते, ‘आणि त्यांचे सोबती’ यात आमचे गोन्सालो येतात. वसईत गास गावातल्या त्यांच्या चर्चचा सण आणि जत्रा तर आणखी निराळी: नाताळनंतरच्या पहिल्या पौर्णिमेच्या जवळचा सोमवार. आमच्या आजीला इंग्रजी तारीख कधीच सांगता आली नाही, ती चांदणे बघून सांगायची. कॅलेंडर छापणाऱ्यांनी एकदा पौर्णिमा पाहिली की काम झाले. गोन्सालोंच्या पावलांनी जपान वसईला जोडला, तर त्यांचा सण असा कोकणातल्या तिथीला जोडला गेला, याचे मला फार अप्रूप वाटते.

गोव्याकडेही दोन शब्द. बाणावलीत जन्मलेले धर्मगुरू जोसेफ वाझ डचांच्या अमलाखालच्या श्रीलंकेत लपतछपत गेले आणि 16 जानेवारी 1711 रोजी कँडीत वारले. पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत त्यांना संत घोषित केले. तेव्हा मोठी बातमी झाली. त्यानंतर 16 जानेवारी हा दिवस आपल्या सदरात मला दिसलेला नाही. झेवियर यांच्याविषयी मात्र बरेच छापून येते, आणि त्यात वादही असतो. 1546 मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी धर्मन्यायासनाची (इन्क्विझिशन, म्हणजे धर्मश्रद्धेवरून लोकांची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय) मागणी केली होती, हे खरे आहे. ते सुरू झाले 1560 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. हा इतिहास लपवू नये. तो मोकळेपणाने छापावा, अभ्यासकांना लिहू द्यावे. 3 डिसेंबरला सिंधुदुर्गातून आणि बेळगावकडून, झेवियर यांचे शव जिथे ठेवले आहे त्या जुन्या गोव्यापर्यंत चालत जाणारी माणसे कोणत्या भावनेने जातात, हेही त्याच पानावर यावे. दोन्ही वाचायची मराठी वाचकाची तयारी आहे.

मराठी ही वसईच्या ख्रिस्ती माणसाची घरची आणि प्रार्थनेची भाषा आहे. आमच्याकडे मिस्सा मराठीत होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपल्याच वर्तमानपत्राने त्याचे मनापासून स्वागत केले होते. त्या अंकाचे कात्रण माझ्याकडे आहे. तेव्हा परकेपणाचा आरोप मी आपल्यावर करत नाही. मागणी साधी आहे. 6 फेब्रुवारीला ‘दिनविशेष’मध्ये संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव यावे, पुढे ‘फादर’ न लावता. 3 डिसेंबरची जयंती पुण्यतिथी व्हावी. वांद्र्याच्या जत्रेच्या बातमीत वाहतुकीच्या सूचनेआधी मरियेच्या जन्मदिवसाचा उल्लेख असावा. आणि जानेवारीत आपल्या वसईच्या वार्ताहरांना गासच्या जत्रेला जरूर पाठवावे. सकाळच्या मिस्सेला यायला सांगा, दुपारी नुसते पाळणे दिसतील. तारखेविषयी शंका असल्यास कोणत्याही चर्चच्या कार्यालयात विचारावे, आनंदाने सांगतील.

कळावे, लोभ असावा.

आपला एक नियमित वाचक,
वसई (जि. पालघर)