पाच अक्षरे, वीस स्वर

महोदय,

डिचोली तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत माझी नात दुसरीत शिकते. परवा तिने वहीत 'ए, ई, आय, ओ, यू हे इंग्रजीचे पाच स्वर' असे लिहून आणले आणि लगेच विचारले, "आजोबा, मग 'कॅट' आणि 'केक' यांतला ए वेगवेगळा कसा वाजतो?" प्रश्न रास्त होता. पाच ही अक्षरे आहेत. प्रमाण ब्रिटिश उच्चारात स्वरध्वनी साधारण 20 मानले जातात, आणि हे सुरुवातीलाच सांगितले जात नसल्यामुळे मुले स्पेलिंग वाचतात, ध्वनी ऐकत नाहीत.

'शिप' आणि 'शीप' यांत आपण केवळ ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मानतो; वस्तुतः पहिल्यात जीभ किंचित खाली व सैल राहते, तर दुसऱ्यात ती वर ताणली जाते आणि ओठ फाकतात. नातीसमोर आरसा धरून हे दाखवले, तेव्हा तिला पाच मिनिटांत उमगले. 'बॅट'मधला ॲ आणि 'हॉट'मधला ऑ तर मराठीने लिपीतही सामावून घेतले आहेत. शिवाय गोव्यातील मुलांच्या कानांवर कोंकणी पडते, जिच्यात ए आणि ओ यांचे संवृत (तोंड कमी उघडून केलेला) व विवृत (तोंड अधिक उघडून केलेला) असे दोन-दोन उच्चार आहेत (देवनागरीत लिहिताना मात्र ते वेगळे दिसत नाहीत). एवढे भांडवल घरात असताना आपण पाठांतरावर का विसंबतो, हे कळत नाही.

शिक्षण खात्याने प्राथमिक शिक्षकांसाठी अशा उच्चारजोड्यांचे श्राव्य धडे तयार करावेत, ही विनंती.

आपला,
एक आजोबा, डिचोली