न भरणाऱ्या टाकीचे कौतुक नको

मा. संपादक,

महोदय,

‘आमच्या संडासाच्या टाकीला पंधरा वर्षांत हात लावावा लागला नाही,’ असे पारोळा तालुक्यातील आमच्या गावात अभिमानाने सांगितले जाते. मीही सांगत असे. गेल्या श्रावणात झडीच्या पावसात घाण पाणी उलटून न्हाणीत आले आणि टाकी उघडली, तर आत पाणी थोडे आणि गाळच गाळ होता.

सेप्टिक टँक मैला नाहीसा करत नाही. जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग सायीसारखा वर तरंगतो, हवेविना जगणारे जिवाणू मैला काही अंशी कुजवतात आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. उरलेला गाळ साचतच राहतो. टाकी पाण्याने नेहमीच भरलेली असते. पाहायची असते ती गाळाची उंची, आणि ती साधारण एक तृतीयांश झाली की, म्हणजे बहुधा दोन-तीन वर्षांनी, उपसा करायलाच हवा. नाही केला तर गाळ पाण्याबरोबर वाहत जाऊन शोषखड्डा बुजवतो. त्यातून आमची जमीन काळी. ती भिजली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. उन्हाळ्यातल्या भेगा पाहून गवंडी ‘हवे तेवढे पाणी जिरेल’ म्हणतो, तो हिशेब पावसाळ्यात चुकतो. ज्यांची टाकी कधीच भरत नाही, त्यांनी तर तिचा तळ कच्चा ठेवला गेला आहे का ते आधी पाहावे, कारण तसे असल्यास मैल्याचे पाणी शेजारच्या विहिरीकडे किंवा बोअरकडे झिरपत असणार.

माझी टाकी तुंबली तेव्हा ‘माणूस उतरवा, टँकरपेक्षा स्वस्त पडेल’ असा सल्ला दोघा-तिघांनी दिला, याचे मला अधिक वाईट वाटले. टाकीत मिथेन व हायड्रोजन सल्फाइड साचतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की त्याचा वाससुद्धा नाकाला कळेनासा होतो, म्हणून उतरलेल्या माणसापाठोपाठ त्याला काढायला गेलेलाही प्राणाला मुकतो. संरक्षक साधनांविना अशी सफाई करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी असून पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तुंबल्यावर धावपळ करण्यापेक्षा वाई आणि सिन्नर या शहरांनी पाळीपाळीने, साधारण तीन वर्षांतून एकदा, घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. खान्देशातील नगरपरिषदांनी तिचा विचार करावा. एकट्या ग्रामपंचायतीला टँकर परवडणार नाही, पण दहा-बारा गावांत मिळून एक घेता येईल. मात्र उपसलेला मैला नाल्यात न सोडता प्रक्रिया केंद्रावरच गेला पाहिजे.

नवे घर बांधणाऱ्यांना एवढेच सुचवतो की टाकीचे झाकण उघडता येईल असे ठेवावे. मला ते शोधण्यासाठी अंगणातील अर्धी शहाबादी फरशी फोडावी लागली.

आपला,
एक वाचक, ता. पारोळा, जि. जळगाव