केसपेपरवर ‘व्हायरल’ लिहिण्याआधी : आरोग्यमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : फ्लूच्या हंगामात लाइम आजाराची मुले आणि जिल्ह्यातील तापाची ओपीडी

महोदय,

नाशिकला पाऊस लागला की लहान मुलांच्या ओपीडीतली रांग दाराबाहेर जाते. डॉक्टरला एका मुलामागे दोन-तीन मिनिटे मिळतात आणि बहुतेक केसपेपरवर एकच शब्द पडतो : व्हायरल. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत तो चुकतो, त्यांच्यासाठी आम्ही, म्हणजे शहरात आणि तालुक्यांत लहान मुलांवर उपचार करणारे डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते, हे पत्र लिहीत आहोत.

लाइम हा तसा आपल्या मातीतला आजार नव्हे. बोरेलिया नावाचा जिवाणू इक्सोडिस जातीची गोचीड पसरवते. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि मध्य युरोपात तो घरोघरी माहीत आहे. कनेक्टिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास बऱ्याच मुलांचे गुडघे एकाच वेळी सुजले, त्यावरून हे नाव पडले. आपल्या गोठ्यातल्या किंवा कुत्र्याच्या अंगावरच्या नेहमीच्या गोचिडी वेगळ्या जातीच्या असतात, त्यांच्यामुळे लाइमची धास्ती घेण्याचे कारण नाही. आजार माणसाकडून माणसाला होत नाही, हेही शाळांना एकदा लेखी कळवायला हवे.

मग नाशिकमध्ये हा विषय येतोच कसा? सुट्यांमुळे. तिकडच्या शाळा जूनमध्ये बंद होतात आणि नातवंडे आजोळी येतात. खसखशीच्या दाण्याएवढी पिल्लू-गोचीड तिकडे सर्वांत जास्त चावते तीही मे ते जुलैमध्येच. चावल्यानंतर त्वचेवर लाइमचा चट्टा उठायला ३ ते ३० दिवस लागतात. म्हणजे गोचीड चावते तिकडच्या अंगणात आणि चट्टा उठतो नाशिकच्या गंगापूर रोडवर, ऐन फ्लूच्या साथीत. काही मुले निदान होऊन, निम्मा कोर्स पिशवीत घेऊनच उतरतात. त्यांच्या घरच्यांना पुढचे दोन महिने एकच प्रश्न छळतो : हा ताप फ्लूचा की त्या आजाराचा?

एक गैरसमज आधी बाजूला ठेवू. लाइममुळे मुलाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि म्हणून फ्लू जीवघेणा ठरतो, असे नाही. गुडघ्याची सूज हटत नाही म्हणून स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर गोष्ट वेगळी, त्या मुलाला जोखमीचेच धरावे. बाकीच्यांचा धोका गोंधळातून येतो. एका आजाराची खूण दुसऱ्याच्या खात्यात टाकली जाते आणि एकाचे औषध दुसऱ्यासाठी बंद केले जाते.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक औषधाचीच. मुलाला लाइमसाठी अमॉक्सिसिलिन चालू असते. फ्लूचा ताप येतो. जवळच्या दवाखान्यात अॅझिथ्रोमायसिन लिहून मिळते. दोन अँटिबायोटिक कशाला, म्हणून घरचे आधीचे थांबवतात. फ्लूवर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य, आणि लाइमसाठी अॅझिथ्रोमायसिन ही दुय्यम निवड. हातात काहीच उरत नाही. चट्ट्याच्या अवस्थेत अमॉक्सिसिलिन दर किलो वजनाला दिवसाला ५० मिलिग्रॅम, तीन भागांत, १४ दिवस. डॉक्सिसायक्लिन दर किलोला ४.४ मिलिग्रॅम, दोन भागांत, १० ते १४ दिवस. सांधा धरला असेल तर २८ दिवस. फ्लू मध्ये आला तरी हे दिवस मोजायचे थांबत नाहीत. आठ वर्षांखालील मुलाला डॉक्सिसायक्लिन दिलेले पाहून आपल्याकडे अजूनही दातांच्या भीतीने गोळी बंद केली जाते. २१ दिवसांपर्यंतचा कोर्स त्या वयातही चालतो, ही भूमिका अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने कधीच स्वीकारली आहे.

डॉक्सिसायक्लिनची आणखी एक खोड. कॅल्शियम, लोह, जस्त आणि अॅसिडिटीची औषधे त्याला पोटातच बांधून ठेवतात. आपल्याकडे जुलाब दिसले की झिंकची, म्हणजे जस्ताची, गोळी हातात पडते, आणि ते योग्यच आहे. पण दोन्हींत किमान दोन-तीन तासांचे अंतर हवे. गोळी भरपूर पाण्याबरोबर द्यावी आणि अर्धा तास मुलाला आडवे होऊ देऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. तापाने मलूल झालेले मूल नेमके गोळी गिळून लगेच झोपते. अमॉक्सिसिलिनचे सिरप एकदा पाणी घालून तयार केले की बाटलीवर लिहिलेल्या मुदतीपलीकडे, बहुधा सात दिवसांपलीकडे, वापरायचे नाही. त्यामुळे १४ दिवसांना दोन बाटल्या लागतात. दुसरी बाटली घरात कोरडीच ठेवावी.

लाइमचे औषध सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत काही मुलांना थंडी वाजून ताप भरतो. मरणाऱ्या जिवाणूंमुळे येणारा हा ताप एका दिवसात ओसरतो. पावसाळ्यात तो हमखास फ्लू समजला जातो किंवा ‘औषध सोसले नाही’ म्हणून कोर्स तुटतो. अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप यांपैकी काही नसेल तर औषध थांबवायचे नाही. आणि ज्या मुलाला शिरेतून सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक चालू आहे, त्याचा ताप सलाईनच्या नळीतून आलेल्या संसर्गाचा नाही याची खात्री झाल्याशिवाय त्याला फ्लू म्हणूच नये. याच मुलाला उलट्यांसाठी रिंगर लॅक्टेटची सलाईन लावायची वेळ आली तर एकाच नळीतून दोन्ही एकदम सोडू नयेत, त्यातल्या कॅल्शियमबरोबर सेफ्ट्रियाक्सोनचा साका होतो. रात्रपाळीच्या परिचारिकेला दिसेल अशा जागी ही एक ओळ भिंतीवर चिकटवायला किती खर्च येतो?

आता ओपीडीतल्या त्या दोन-तीन मिनिटांबद्दल. फ्लू एकदम येतो आणि बरोबर खोकला, नाक, घसा घेऊन येतो. लाइमच्या सुरुवातीला ताप, डोके, अंग, मान दुखते. खोकला आणि नाक सहसा नसते. ज्या तापात छाती-नाक स्वच्छ आहे तो केसपेपर बाजूला काढावा, कारण त्या ढिगात आपल्याकडचे डेंगी, चिकुनगुनिया, मलेरिया आणि स्क्रब टायफसही असतात. विदर्भाने २०१८ मध्ये स्क्रब टायफसची साथ पाहिली आहे. त्याची खूण, म्हणजे गवत-झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यावर पडणारी काळी खपली, काखेत, जांघेत, कानामागे लपलेली असते. सदरा काढल्याशिवाय ती सापडत नाही. जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक तालुक्यांतल्या मुलासाठी काढलेला सदरा परदेशातून आलेल्या मुलाच्या पाठीवरचा चट्टाही दाखवतो. दोघांना तपासण्याची रीत एकच.

तो चट्टा पावसाळ्यात नायटा म्हणून खपतो. नायट्याला खाज असते, कडेला कोंडा असतो. लाइमचा चट्टा सपाट, बहुधा बिनखाजेचा, ५ सेंटिमीटरहून मोठा आणि रोज पसरणारा. मधे पांढरे वर्तुळ असलेच पाहिजे असे नाही, आणि सावळ्या त्वचेवर तो लाल न दिसता जांभळट दिसतो. बॉलपेनने कड आखावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. एवढे न करता स्टेरॉइडची ट्यूब दिली जाते, हे औषध दुकानांत रोज घडते. चट्टा असताना रक्ततपासणीची वाट पाहू नये, पहिल्या आठवड्यांत ती खोटी निगेटिव्ह येते. उलट, उपचार झालेल्या मुलाची प्रतिपिंडे वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहतात, म्हणून प्रत्येक तापाला ती पुन्हा करून घाबरण्यात अर्थ नाही. (विडाल या रक्तचाचणीचा आकडा पाहून टायफॉइड ठरवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.)

मूल पाय टेकत नसेल तर कुठे दुखते ते बोटाने दाखवायला सांगावे. फ्लू उतरताना, विशेषतः बी प्रकारात, दोन्ही पोटऱ्या इतक्या दुखतात की मूल चवड्यांवर चालते. हे काही दिवसांत आपोआप बरे होते, लघवी चहासारखी काळपट होत नाही ना एवढे पाहावे. लाइमचा सांधा एकच, बहुधा गुडघा, पाण्याने टम्म फुगलेला, आणि दिसतो त्या मानाने कमी दुखणारा. तापात नाडी वाढायला हवी. लाइमच्या मुलाला ताप असून नाडी संथ लागली, किंवा त्याला चक्कर आली, तर त्याच दिवशी ईसीजी. तोंड एका बाजूला ओढले किंवा मान आखडली तर थेट दाखल.

पॅरासिटामॉलचे गणित आम्हांला स्वतंत्र लिहावेसे वाटते, कारण इथे चूक सर्वांच्या डोळ्यांदेखत होते. मात्रा दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दर ४ ते ६ तासांनी, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. १६ किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅम पुरते. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे सिरप मिळते, २५० चे मिळते, आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे थेंब मिळतात. म्हणजे तेच २०० मिलिग्रॅम एका बाटलीतून ८ मिलिलिटर, दुसरीतून ४ आणि थेंबांचे फक्त २. मागच्या बाटलीची सवय ठेवून नव्या २५० च्या बाटलीतून ८ मिलिलिटर पाजले की मात्रा दुप्पट. वर सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतेच. आणि सर्दीच्या सिरपमधले क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा २०२३ चा आदेश आहे. सांध्यासाठी आयबुप्रोफेन चालू असलेल्या मुलाला पावसाळ्यात ताप आला तर डेंगी नाही हे कळेपर्यंत ते थांबवावे, रक्तस्रावाचा धोका असतो. अॅस्पिरिन तर फ्लूत नकोच. त्यातून होऊ शकणाऱ्या रे सिंड्रोममध्ये यकृत आणि मेंदू दोन्ही जातात.

फ्लूच्या औषधाबद्दल. ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर खरा उपयोग. एक वर्षावरील मुलांना १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, १५ ते २३ किलोला ४५, २३ ते ४० ला ६०, त्यापुढे ७५. दिवसातून दोनदा, पाच दिवस. काही खाल्ल्यावर दिले तर मळमळ कमी. सिरप नसेल तर ७५ ची कॅप्सूल फोडून ५ मिलिलिटर गोड पाण्यात ढवळावी : २ मिलिलिटरमध्ये ३०, ३ मध्ये ४५, ४ मध्ये ६०. उरलेले टाकून द्यावे, पुढच्या वेळी नवी कॅप्सूल. सरकारच्या फ्लू रुग्णांच्या अ-ब-क (सौम्य ते गंभीर) वर्गवारीत जोखमीच्या मुलांना ‘ब’ मध्ये, चाचणीची वाट न पाहता हे औषध देता येते. स्टेरॉइड-मेथोट्रेक्सेटवरील, हृदय किंवा मज्जासंस्थेचा लाइम असलेली मुले तिथेच धरावीत, असे एका ओळीचे परिपत्रक पुरेसे आहे. लहान मुलांचे सिरप मात्र जिल्हा रुग्णालयापुरते न ठेवता हरसूल-सुरगाण्यापर्यंत जूनपूर्वी पोचायला हवे. सुरगाण्याहून नाशिक गाठेपर्यंत ४८ तासांतले किती उरतात, याचा हिशेब आपल्या खात्याने एकदा करावा.

लसीचा मुद्दा सरळ आहे. सहा महिन्यांपुढील मुलाला फ्लूची लस देता येते. नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि संरक्षण यायला आणखी दोन आठवडे. एप्रिलअखेर पहिला आणि मेअखेर दुसरा डोस झाला तरच जूनच्या मध्याला मूल तयार होते. जुलैत साथ सुरू झाल्यावर धावपळ करून फारसे हाती लागत नाही. लाइमची अँटिबायोटिक चालू असणे हा लस न देण्याचा मुद्दा नाही. मूल तापाने फणफणले असेल तेवढेच थांबावे. राज्यात गरोदर माता, मधुमेही, उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत मिळते. त्या यादीत पाच वर्षांखालील आणि दीर्घ आजाराची मुले घाला, ही आमची मुख्य मागणी.

दुसरी मागणी केसपेपरची. त्यावर तीनच गोष्टी छापील हव्यात : वजन किलोमध्ये, गेल्या महिन्याभरात परदेश, जंगल किंवा गवताचा संबंध, आणि सध्या चालू असलेल्या औषधाचे नाव व कितवा दिवस. तिसरी शाळांची. मुलाला शाळेत परत घ्यायला, पॅरासिटामॉल न देता २४ तास ताप नाही, एवढा निकष पुरे. फिटनेस सर्टिफिकेटसाठी बरे झालेले मूल पुन्हा त्याच खोकणाऱ्या रांगेत उभे राहते.

घाईचे कारण तारखांमध्ये आहे. सिंहस्थाची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर २०२७ ला आहेत, म्हणजे बरोबर फ्लूच्या शिखरावर. देश-परदेशातून माणसे येतील, मुलेही येतील. घाट, रस्ते, पार्किंगचे आराखडे चर्चेत आहेत. तापाच्या तात्पुरत्या दवाखान्यांत मुलांचा वजनकाटा, ५ मिलिलिटरची सिरिंज आणि ओसेल्टामिविरचे सिरप असेल की नाही, हे त्या आराखड्यात कुठल्या पानावर आहे ते आम्हांला कळवावे. नसेल तर यादी करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील बालआरोग्य क्षेत्रात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते